तीन कुलपांचा पासवर्ड

कमळाकरांना भाषण करायची हौस होती, आणि भाषणात जे बोललो ते पाळायचीही खोड होती. नुसती हौस असती तर घरात खपून गेली असती. पण या खोडीने त्यांच्या मुलीच्या, समिधाच्या, तोंडचं पाणी पळवलं.

२००५चा नोव्हेंबर महिना होता. ट्युनिसला जगभरची सरकारं जमली होती आणि इंटरनेटवर ताबा कोणाचा यावरून त्यांची चांगलीच जुंपली होती. इंटरनेटवरच्या सगळ्या नावांची एक मूळ यादी असते, आणि त्या यादीवर शेवटचा शब्द अमेरिकेचा. बाकीचे देश म्हणत होते, वापरतं सगळं जग, मग किल्ली एकाच्याच कमरेला का? कमळाकर या बातम्या रोज कापून ठेवत. औषधांच्या गोदामात तीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढलेली, त्यामुळे कुठली किल्ली कोणाकडे आहे याची काळजी त्यांच्या अंगात मुरलेली होती.

त्यांचं गाव तळसुंदे, जिल्हा रत्नागिरी. पण निम्मं तळसुंदे मीरा रोड-भाईंदरलाच राहायला. इथल्या ग्रामस्थ मंडळाचे कमळाकर सचिव. मंडळाच्या वार्षिक सभेत दरवर्षी वादसभा होई आणि दरवर्षी ‘मोबाइल शाप की वरदान’ यावर माणसं तेच तेच बोलत. या वर्षी कमळाकरांनी फळ्यावर विषय लिहिला, ‘इंटरनेट कोणाच्या ताब्यात असावे?’ शाळेच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं जमली. त्यातल्या नव्वदांना इंटरनेट म्हणजे कॅफेत तासावर मिळणारी वस्तू एवढंच ठाऊक होतं. पण ताबा म्हटलं की कोकणी माणसाला विषय शिकवावा लागत नाही.

दिपेश नावाचा गावचाच एक इंजिनियर मुलगा अमेरिकेच्या बाजूने बोलला. “एकाकडे आहे म्हणून निदान चालतंय,” तो म्हणाला. “सगळी सरकारं घुसली तर त्यात तीपण येणार, जी माणसाला बोललं म्हणून जेलमध्ये टाकतात. त्यांचा हात कुलपावर पाहिजे का तुम्हाला?” टाळ्या बेतानेच पडल्या.

मग कमळाकर उठले. त्यांनी अमेरिकेला हात लावला नाही, सरळ गावच्या देवीच्या पेटीलाच हात घातला. तळसुंद्याच्या वाघजाईची रूपं, म्हणजे शिमग्याला पालखीत लावायचे चांदीचे मुखवटे, वर्षभर एका पेटीत बंद असतात. पेटीला तीन कुलपं. एक वरच्यावाडीचं, एक मधल्यावाडीचं, एक खालच्यावाडीचं. तीन मानकरी एकत्र आल्याशिवाय पेटी उघडत नाही. “दोनशे वर्षांत रूपांवरून कधी कुणावर चोरीचा आळ आला?” कमळाकरांनी विचारलं. “एकाच्या हातात किल्ली नाही म्हणूनच आला नाही. माणूस कितीही सज्जन असू दे, एकट्याच्या हातात किल्ली देऊ नये.” या वाक्याला टाळ्यांचा कडकडाट झाला. समिधाचा ऊर भरून आला. बाबा बोलायला लागले की तिला ते नेहमी असतात त्यापेक्षा उंच वाटत.

टाळ्या थांबल्यावर खालच्यावाडीचे मानकरी दाजी उभे राहिले. सत्तरीचा माणूस, चेण्याला एका फार्महाऊसवर राखणीला होता.

“कमळाकर, बोललास ते बरोबर,” दाजी म्हणाले. “मग आपल्या साइटची किल्ली कोणाकडे हाय?”

तळसुंद्याच्या नावाची साइट कमळाकरांनी तीन वर्षांपूर्वी स्वतः काढली होती. मराठी अक्षरं नीट दिसावीत म्हणून दोन महिने ते आणि समिधा कॉम्प्युटरशी झटले होते. शिमग्यात पालखी कुठल्या दिवशी कोणाच्या घरी हे दुबईतला माणूसही तिथेच बघायचा. गावातल्या गेलेल्या माणसांचे फोटो कमळाकरांनी घरोघर फिरून गोळा करून तिथे लावले होते. त्या साइटइतकं त्यांनी आयुष्यात दुसरं काही स्वतःचं म्हणून केलं नव्हतं. आणि तिचा पासवर्ड त्यांच्या एकट्याकडे होता.

स्वतःच्या भाषणात माणूस असा सापडावा, हे कमळाकरांनाच शोभे. दुसऱ्या कुणी हसून वेळ मारून नेली असती. कमळाकर लाल झाले, म्हणाले, “माझ्याकडे. आणि ते चूक आहे.” तिथल्या तिथे ठराव झाला. पासवर्डचे तीन तुकडे करायचे आणि तीन मानकऱ्यांकडे एकेक द्यायचा, पेटीसारखाच. पासवर्ड विसरला तर नवा ज्या मेलबॉक्सवर येतो त्यालाही तोच पासवर्ड, म्हणजे मागच्या दाराची सोय नको.

पुढच्या रविवारी तिघे मानकरी कमळाकरांच्या घरी जमले. पंढरीनाथ वरच्यावाडीचे, भाईंदरला त्यांची पिठाची गिरणी. मधल्यावाडीचा मान शालूकाकूकडे, कारण नवरा गेला आणि मुलगा अजून लहान. मीरा रोडला तिचं पोळी-भाजी केंद्र. तिसरे दाजी. तिघांपैकी कुणीही कीबोर्डला कधी बोट लावलं नव्हतं. तेव्हा टाइप करायला समिधा बसली. भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ती दिवसभर बिलंच टाइप करायची. एकेका मानकऱ्याने यावं, तिच्या कानात आपला तुकडा सांगावा, आणि तोवर बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहावं, असं ठरलं. कमळाकरही भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

शालूकाकूच्या भाज्या गॅसवर होत्या, म्हणून ती म्हणाली माझं आधी घ्या. तिने आपल्या नवऱ्याचं नाव सांगितलं. जन्मात कधी तोंडाने घेतलं नव्हतं ते नाव समिधाच्या कानात सांगताना ती लाजली. दाजींनी आपल्या कुत्र्याचं नाव दिलं. पंढरीनाथांनी ‘वरचीवाडी’ दिलं, आणि हे कुणाला ओळखता येणार नाही अशी त्यांची खात्री होती.

मग समिधाला देवीच्या फोटोसमोर नारळावर हात ठेवायला लावला. तिघं एकत्र बसल्याशिवाय साइट उघडणार नाही, अशी शपथ तिने घेतली. सगळ्यांनी समाधानाने चहा घेतला. अख्खा पासवर्ड आता या चोवीस वर्षांच्या पोरीच्या डोक्यात आहे, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. नारळावर हात ठेवला म्हणजे विषय संपला, अशी आपल्याकडे रीतच आहे.

घोडं अडलं ते जानेवारीत. साइटच्या नावाची मुदत बारा फेब्रुवारीला संपत होती. त्याआधी आत शिरून ती वाढवायची. नाही वाढवली तर नाव सुटणार आणि जगातल्या कुणीही ते उचलावं. शेजारच्या एका गावाचं नाव असंच सुटलं होतं. आता ते उघडलं की केस उगवायच्या तेलाची जाहिरात यायची. कमळाकरांनी तिघांना बोलावलं. तिघे आले, भिंतीकडे तोंड करायला तयार झाले.

“शालूकाकू, आधी तुम्ही या,” समिधा म्हणाली.

पंढरीनाथ भिंतीकडून वळले. “आधी ती का म्हणून?”

“काका, त्या दिवशी त्यांचं आधी टाइप झालं ना. त्याच क्रमाने टाकावं लागतं.”

“पेटीचं पहिलं कुलूप कोणाचं? वरच्यावाडीचं. माझ्या पणज्यापासून. आणि इथे मधलीवाडी पहिली?”

“काका, मशीनला वाडी कळत नाही.”

“मशीनला नाय कळत, तुला कळते ना?”

कमळाकर मध्ये पडले. एकदा उघडू, मग क्रम बदलून वरचीवाडी पहिली करू. पंढरीनाथ म्हणाले, म्हणजे आधी माझा अपमान करणार आणि मग भरून देणार, असंच ना? शालूकाकू म्हणाली, मला पहिलं नको न् शेवटचं नको, माझी डाळ लागेल. त्यावर पंढरीनाथ म्हणाले, बाईमाणसाने मानाच्या गोष्टीत डाळ आणू नये. मग मात्र शालूकाकूही भडकली. ती म्हणाली, आता मी पहिलीच राहणार. दाजी कुणाच्याच बाजूने बोलले नाहीत. “तिघं असल्याशिवाय माझा शब्द नाय,” एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असे तिघेही.

तीन आठवडे गेले. कमळाकर भाईंदरला गिरणीवर चार वेळा जाऊन आले, चेण्याला दोनदा. रोज संध्याकाळी कॉम्प्युटर लावून ते साइट नुसती बघत बसत. गेलेल्या माणसांच्या फोटोंच्या पानावर त्यांच्या आईचा फोटो होता. तिथे आले की पुढे जात नसत. जेवण कमी झालं. समिधाची आई, सुलू, एकदा चिडून म्हणाली, “अहो, पोरीला ठाऊक आहे ना सगळं? टाका आणि मोकळे व्हा.” कमळाकरांनी मान वर केली. बायकोच्या बोलण्यातली मेख त्यांना त्या क्षणी कळली असावी, कारण ते समिधाकडे वळून म्हणाले, “तू टाकलंस तर मी जे बोललो ते सगळं खोटं. गेलं तर जाऊ दे.” समिधाला त्यांचा भयंकर राग आला. असल्या सरळपणाला ओवाळायचं की डोकं फोडून घ्यायचं, तिला कळेना.

सहा फेब्रुवारीला पंढरीनाथ कारखान्याच्या गेटवर आले, जेवणाच्या सुट्टीत. अंगावर पीठ तसंच. “माझा तुकडा तुला ठाऊक हायच,” ते इकडेतिकडे बघत म्हणाले. “टाकून दे तू. माझ्या मुलाने दुबईवरून फोन केला, शिव्या घातल्या मला. पण मी सांगितलं असं कुठे बोलायचं नाय. वरचीवाडी खाली बघेल.”

दोन दिवसांनी ती डबा आणायला गेली तेव्हा शालूकाकूने पोळी लाटता लाटता तेच सांगितलं. “माझं टाक गं. त्यांचा फोटोपण आहे ना त्याच्यावर, गेला तर मी कुठे बघू? फक्त मी बोलले म्हणून सांगू नकोस, नाहीतर पंढरीनाथ भाऊजी म्हणतील बाईच आधी वाकली.” दाजींकडे समिधा स्वतःच गेली, शेअर रिक्षाने काशीमिरा आणि तिथून बसने चेण्याला. त्यांनी तिचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. “टाक,” म्हणाले. “न् गप ऱ्हा.”

म्हणजे तिघांनाही साइट उघडायला हवी होती, आणि तिघांनाही ती एकत्र बसून उघडायची नव्हती. समिधाने दोन दिवस विचार केला. शपथ एकत्र बसायची होती, नुसत्या होकाराची नव्हती, हे तिला स्वच्छ कळत होतं. उगाच स्वतःची समजूत घालण्यातली ती नव्हती. अकरा तारखेला दुपारी तिने कारखान्यातल्या हंसाबेनचं क्रेडिट कार्ड मागून घेतलं, नवऱ्याचं नाव, कुत्र्याचं नाव आणि वरचीवाडी एका दमात टाइप केलं, आणि तीन वर्षांची मुदत वाढवून टाकली. देवीची भीती वाटली, नाही असं नाही.

संध्याकाळी कमळाकरांनी साइटच्या नावाची मुदत तपासली आणि नवी तारीख पाहिली. खुर्चीतून अर्धवट उठले.

“आले तिघं?”

“तिघांनी सांगितलं. मी टाइप केलं.”

“एकत्र?”

इतक्या दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं होतं. समिधा म्हणाली, “हो.”

कमळाकरांनी तिघांना फोन करून आभार मानले. तिघांपैकी प्रत्येकाने ते मोठ्या मनाने घेतले. मानापेक्षा गाव मोठं, असं पंढरीनाथ म्हणाले म्हणे.

शिमग्याच्या तयारीची सभा फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी दुपारी त्याच हॉलमध्ये झाली. कमळाकर इतिवृत्ताची वही घेऊन उभे राहिले. मोठे देश अजून भांडतायत, ते सांगत होते, पण इंटरनेटच्या कारभारावर सगळ्यांनी एकत्र बोलायला आता एक नवं व्यासपीठ होणार आहे. तळसुंद्याने तिथे पत्र पाठवावं. तिघांच्या हाती एक किल्ली दिली, तिघे भांडले, पण शेवटी मान बाजूला ठेवून एकत्र आले, हा आपला अनुभव जगाला कळावा. पत्र त्यांनी लिहून आणलं होतं. खाली सही केली होती. तेच साइटवरही लावणार होते. तिघे मानकरी पहिल्या रांगेत गंभीरपणे माना डोलवत होते.

समिधाला बसवेना. बाबा घरात खूश राहिले तर राहू देत, एवढंच तिने मनाशी धरलं होतं. ते सही करून ही गोष्ट जगाला सांगायला निघतील असं तिला वाटलं नव्हतं.

“बाबा, ते नका पाठवू,” ती उभी राहून म्हणाली. “तिघं एकत्र आलेच नव्हते. मी एकटीने उघडलं.”

कमळाकरांच्या हातातला कागद तसाच राहिला. “आणि शपथ?”

“मोडली.”

ती पुढे बोलली नाही. तिघांनाही तिने शब्द दिला होता. तिघांनीही तिच्याकडे बघितलं नाही. हॉलमध्ये कुजबूज वाढली तसे पंढरीनाथ घसा खाकरून म्हणाले, “पोरीने देवीची शपथ मोडली, हे काय बरं नाय झालं.”

शालूकाकू उठली. पदर खोचून उठली. “भाऊजी, थोडी तरी लाज ठेवा. मी सांगितलं होतं तिला. माझा तुकडा टाक म्हणून, माझ्या तोंडाने. आता हिंमत असेल तर तुमचं सांगा.”

“मीपण,” दाजी बसल्या जागेवरून म्हणाले.

सगळा हॉल पंढरीनाथांकडे बघू लागला. कमळाकरांनी समिधाला विचारलं, “यांनीही?” ती म्हणाली, “ते त्यांनाच विचारा.” पंढरीनाथांनी देवीच्या फोटोकडे पाहिलं. “टाक म्हटलं होतं,” ते म्हणाले. “पण माझं पहिलं टाक, असंच मनात होतं.” हॉल हसून हसून लोळला. मागून दिपेश ओरडला, “मी तेव्हाच बोललो होतो, एकाकडे असलं की चालतं!”

हसण्यात सगळा ताण निघून गेला आणि माणसं एकदम उदार झाली. कुणीतरी म्हणालं, पोरीने शब्द पाळला, एकाचंही नाव घेतलं नाही, तिच्याकडेच ठेवा किल्ली. दाजींनी ठराव मांडला, शालूकाकूने अनुमोदन दिलं. साइटचा पासवर्ड यापुढे समिधाकडे, एकटीकडे. हात वर झाले. पंढरीनाथांचाही झाला. समिधाचे कान गरम झाले; एवढा मान तिला कुणी कधी दिला नव्हता.

“विरोधी?” कमळाकरांनी विचारलं, आणि स्वतःच हात वर केला.

मग खाली बसून त्यांनी वहीत लिहिलं, एक विरुद्ध सगळे, ठराव मंजूर, विरोध कमळाकर. पत्राची घडी करून ते त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं. समिधाला भर सभेत कुणी थोबाडीत मारावी तसं झालं.

परतताना ती त्यांच्या दोन पावलं मागून चालत होती. त्यांनी नया नगरचा बाजार ओलांडला. मग तिच्याने राहवेना.

“सगळ्यांनी दिला माझ्यावर विश्वास. तुम्हीच नाही.”

“तू चांगली आहेस म्हणूनच,” कमळाकर म्हणाले. ते थांबले होते. “पंढरीनाथासारख्याकडे किल्ली असली की माणसं दहा वेळा विचारतात. तुझ्यासारखीकडे दिली की कुणी विचारत नाही. तू मला ‘हो’ म्हणालीस. मी विचारलं का पुढे काही? सही करून मोकळा झालो.”

“तुम्ही इतक्या दिवसांनी हसला होतात, बाबा.”

“माहीत आहे.” त्यांनी खिशातलं पत्र चाचपलं. “देवीचं मी बघून घेईन, नारळ ठेवीन. त्या ‘हो’चं काय करू ते सांग.”

तिला रडू आलं, आणि भर रस्त्यात आलं म्हणून स्वतःचा रागही आला. डोळे पुसून ती म्हणाली, “मग तुम्ही विचारत जा. मला. दर वेळी.”

“तुला अपमान वाटेल.”

“वाटू दे.”

सोमवारी सकाळी ती कारखान्यात जायला निघाली होती. कमळाकरांनी चहाचा कप खाली ठेवला. “काल आल्यावर साइट उघडली होतीस,” ते म्हणाले. “कशासाठी?”

तिला राग आलाच. सुलूने कपाळावर हात मारला. समिधा दारातून परत फिरली, बाबांसमोर खुर्ची ओढून बसली आणि काय काय उघडलं, काय बदललं, ते पहिल्यापासून सांगू लागली.